ग्राहक प्रतिनिधी, वय साडेतीन

संशय ही संस्कृतीची पहिली पायरी आहे. समोरचं फळ तोंडात टाकण्याआधी 'हे खावं का?' असा प्रश्न ज्या दिवशी पडला, त्या दिवशी माणूस माकडापासून वेगळा झाला. निदान सदूभाऊंचं तसं मत होतं, आणि त्या मताबद्दल सरकारने त्यांना चौतीस वर्षं पगार दिला. माकडंही फळ आधी हुंगून बघतात, असं त्यांच्या बायकोने, कौसाबाईंनी, त्यांना एकदा सांगितलं होतं. त्यावर सदूभाऊ म्हणाले, "कोणी बघितलं?"

सदूभाऊ अंबरनाथला एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या बनत आणि सदूभाऊ त्या नापास करत. पासही करत, पण ते त्यांच्या लक्षात राहत नसे. निवृत्त झाल्यावर ते बदलापूरला कात्रपमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले आणि तपासणीला फक्त घर उरलं. गॅसचा सिलिंडर ते वजनकाट्यावर चढवून घेत. नारळ तीन वेळा हलवत. बाजारातली भाजीवाली त्यांना लांबून बघून गवारीवर गोणपाट टाकायची.

मुलगा सनी ठाण्याला नोकरीला होता आणि सून तेजल उल्हासनगरला बँकेत. दोघं सकाळी आठला घराबाहेर पडत ते संध्याकाळी साडेसातला परतत. मधले साडेअकरा तास नात इरा आजी-आजोबांकडे असे. सदूभाऊंच्या दिवसाचे हेच साडेअकरा तास होते. बाकीचे नुसते जायचे.

एका रविवारी कौसाबाई इराला ओरडत होत्या. इराने शांतपणे आजीच्या गालावर बोट टेकवलं आणि वर सरकवलं. आजी सरकल्या नाहीत. इराने पुन्हा बोट टेकवलं.

तेजल दारात उभी राहून बघत होती.

"आई, ही मोबाईल बघत जेवते ना?"

"जेवते ना. तेवढंच तर जेवते," कौसाबाई म्हणाल्या.

"किती वेळ?"

"घास असतील तितका."

त्या संध्याकाळी तेजलने घरात बैठक घेतली. कुळगावात किर्ती मॅडमचं पाळणाघर आहे, तिथे टीव्ही नाही, मोबाईल नाही, मुलं मातीत खेळतात, असं तिने सांगितलं. घरात हे थांबत नसेल तर पुढच्या महिन्यापासून इरा तिकडे जाईल.

"परक्यांच्यात?" सदूभाऊ म्हणाले.

"बाबा, एक महिना बघू. महिनाभर पोरीला स्क्रीन दिसली नाही, तर ती घरीच राहील. दिसली तर कुळगाव."

"आणि महिनाभर ती करेल काय?" सनीने विचारलं. तो हे मोबाईलमध्ये बघत बोलला.

तेजलने एक यादी फ्रिजवर चिकटवली. खेळणी आणायची, पण बॅटरी नको, आवाज नको, दिवे नकोत, ॲप नको. डोकं मुलाने लावायचं, खेळण्याने नाही.

सदूभाऊंनी ती यादी दोनदा वाचली. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत त्यांच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी लेखी आलं होतं.

"खेळणी मी निवडतो," ते म्हणाले. "पण आलेला माल तपासल्याशिवाय पोरीच्या हातात जाणार नाही."

"जाऊ दे, बाबा. तुम्हीच बघा," तेजल म्हणाली. ती दमलेली होती. दमलेल्या माणसाने परवानगी देऊ नये, पण देतात.

दुसऱ्या दिवशी सदूभाऊंनी दोनशे पानी वही आणली. त्यात रकाने आखले: दिनांक, वेळ, वस्तू, निरीक्षण, निकाल, उपस्थित. मग अंबरनाथपर्यंत एक रिक्षा आणि तिथून दुसरी, असं करत ते उल्हासनगर कॅम्प पाचला हरेशच्या दुकानात पोचले. हरेश खेळण्यांचा ठोक व्यापारी. कारखान्यातल्या कोणाच्या तरी ओळखीचा, म्हणजे सदूभाऊंच्या दृष्टीने जरा जास्तच संशयास्पद.

"साईं, बच्ची कितने साल की?"

"साडेतीन."

"फिर ये घ्या. एबीसीडी बोलता है, लाइट मारता है, गाणं पण म्हणतो. दिवसाला पन्नास पीस जातात."

"बोलणारं नको."

हरेश थबकला. "बोलणारं नको?"

"बोलणारं नको, चमकणारं नको, बॅटरीवालं नको."

"मग ते लाकडाचं. पण ते महाग पडेल, काका."

"का? त्यात तर काहीच नाही."

"आजकल जो चीज कुछ नहीं करती ना साईं, उसीका पैसा जास्त."

सदूभाऊंना हे पटलं नाही, पण कारखान्यातले दोन साहेब आठवले आणि त्यांनी पाकीट काढलं. त्यांनी अकरा वस्तू घेतल्या: ठोकळे, भोवरा, ठकी नावाची लाकडी बाहुली, भातुकलीची बोळकी, कापडी हत्ती, खुळखुळा, रिंगांचा मनोरा आणि आणखी काहीबाही.

घरी तपासणी सुरू झाली. प्रत्येक वस्तू एक मीटर उंचीवरून फरशीवर तीन वेळा टाकायची. पांढरा रुमाल लिंबाच्या रसात बुडवून रंगावर घासायचा. हत्तीचा कान माशांच्या काट्याने ओढून किती वजनाला शिवण उसवते ते बघायचं. हा मासे तोलायचा स्प्रिंगवाला काटा त्यांनी मुद्दाम आणला होता. कौसाबाईंच्या बीपीच्या गोळ्यांच्या डबीत जे मावेल ते पोर गिळू शकतं, म्हणून नापास.

पहिल्या दिवशी भोवऱ्याच्या रंगाने रुमाल गुलाबी झाला. भातुकलीतला झारा डबीत गेला. हत्तीचा कान अडीच किलोला सुटला.

"हत्तीचा कान अडीच किलोने कोण ओढणार आहे?" कौसाबाईंनी विचारलं.

"शत्रू ओढेल का, हे आपण विचारत नसतो. आपण ओढून बघतो."

इरा समोर बसून सगळं बघत होती. तिला ठकी हवी होती. ठकीचं नाक एक मिलिमीटर वाकडं होतं. ठकीला नापासाची लाल चिठ्ठी लागली आणि ती माळ्यावर गेली. तिच्या मागोमाग बाकीची दहाही गेली. इरा रडली. मग तिने स्टीलची वाटी घेतली, डोक्यावर धरली आणि फरशीवर टाकली. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा टाकून म्हणाली, "नापास."

संध्याकाळपर्यंत दोन वाट्या, एक लाटणं आणि आजीचा चष्मा नापास झाले होते. चष्मा खरोखरच झाला होता.

तिसऱ्या दिवशी सदूभाऊ अकरा खेळणी, अकरा लेखी अहवाल, व्हर्नियर कॅलिपर आणि माशांचा काटा पिशवीत घालून पुन्हा कॅम्प पाचला गेले. माल बदलून घेण्याआधी दुकानातच तपासावा, म्हणजे पुन्हा फेरी नको, असा सरळ विचार होता. त्यांनी काउंटरवर काटा ठेवला, नाकावर चष्मा चढवला आणि एका लाकडी मोटारीचं चाक व्हर्नियरमध्ये धरलं.

हरेशचा चेहरा बदलला.

"साहेब," तो म्हणाला. परवापर्यंत 'काका' होते. "आप कौनसे डिपार्टमेंट से?"

सदूभाऊ खोटं बोलत नसत. "इन्स्पेक्शन," ते म्हणाले.

"सेंट्रल?"

"सेंट्रल."

रिटायर्ड, असं सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात चाकाचा व्यास डाव्या-उजव्या बाजूला वेगळा भरला आणि राहून गेलं.

चहा आला. मग थंडा आला. मग सामोसे आले. "साहेब, आपला सगळा माल आयएसआय मार्कवाला. हे वरचं रॅक माझं नाही, भावाचं आहे," हरेश म्हणाला. "भावाला मी तसंही ओळखत नाही."

सदूभाऊंनी वही उघडून लिहिलं: दुकानदार न मागता चहा देतो. कारण शोधावं.

बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग एक शटर खाली आलं. मग शेजारचं. मग समोरची तीन एकदम. सदूभाऊ दुकानातून बाहेर पडले तेव्हा गल्लीत एक पानवाला आणि एक कुत्रा एवढेच राहिले होते, आणि पानवालाही डबे झाकत होता.

"भर दुपारी बारा वाजता दुकानं बंद," घरी येऊन, न बदललेली अकराही खेळणी पुन्हा माळ्यावर टाकत ते म्हणाले. "या लोकांना धंद्याची चाड नाही."

पुढल्या आठवड्यात ते दोनदा गेले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली की पहिलं शटर पडायचं. अंबरनाथच्या बाजारातही बातमी पोचली असावी, कारण तिथल्या एका बाईने त्यांना सांगितलं की हे दुकान खेळण्यांचं नाहीच. तिच्या डोक्यावर फुग्यांची माळ लटकत होती.

आता माल हातात घेऊन तपासणं अशक्य झालं. राहिला एकच मार्ग. खेळणी आधी मोबाईलवर बघायची, लोकांनी ती उघडून, आपटून, खोलून दाखवलेली असतात ती बघायची, आणि शंभर टक्के निर्दोष असेल तीच मागवायची. सनीने त्यांना हे महिन्याच्या सुरुवातीलाच सुचवलं होतं. तेव्हा त्यांनी त्यालाही संशयितांच्या यादीत घातलं होतं.

दुपारी कौसाबाई आडव्या झाल्या की सदूभाऊ खुर्चीत बसत, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करत आणि वही उघडत. इरा मांडीवर बसे. ती बसणं नियमाला धरून होतं. कारखान्यात लष्कराचा माल तपासताना लष्कराचा माणूस हजर लागत असे. त्याला ग्राहक प्रतिनिधी म्हणत. ग्राहक प्रतिनिधीच्या गैरहजेरीत केलेली तपासणी रद्द होई, आणि सदूभाऊंची एकही तपासणी चौतीस वर्षांत रद्द झाली नव्हती.

महिना अर्धा सरला. एका संध्याकाळी तेजल घरात शिरली तेव्हा इरा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बटाटा घेऊन बसली होती. तिने बटाटा दोन्ही हातांनी वर उचलला आणि कोणत्या तरी अदृश्य माणसांना गोड आवाजात म्हणाली,

"हॅलो दोस्तों! आज हम देखेंगे ये बटाटा. चलो, इसको खोल के देखते हैं!"

तेजलच्या खांद्यावरची पर्स खाली आली.

"हे कुठे ऐकलंस, बाळा?"

"लिंक नीचे है," इरा म्हणाली.

तेजलने सासूकडे बघितलं. सासूने नवऱ्याकडे बघितलं. सदूभाऊंनी आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं.

"घरात कोणीतरी पोरीला मोबाईल दाखवतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "मी छडा लावतो."

"लावा," तेजल म्हणाली. "एकतीस तारखेपर्यंत."

त्या दिवसापासून कात्रपमधल्या त्या फ्लॅटमध्ये कोणी कोणावर विश्वास ठेवला नाही. सदूभाऊंनी टीव्हीवर चादर टाकली आणि चादरीच्या चारी टोकांना दोऱ्याची गाठ मारून त्यावर लाखेची मोहोर लावली. कौसाबाईंच्या मोबाईलला सकाळी आठला कागदाची पट्टी आडवी चिकटवून ते त्यावर सही करत आणि रात्री जेवणाआधी सही तपासून पट्टी काढत.

"फोन आला तर घेऊ कसा?" कौसाबाईंनी विचारलं.

"घ्यायचा. बघायचा नाही."

"कोणाचा आहे ते कसं कळणार?"

"तो सांगेल."

कौसाबाईंच्या बहिणीने एकदा फोन केला. अर्धा तास बोलणं झालं. ती बहीण नव्हती, कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी होती, हे कौसाबाईंना शेवटी कळलं. पण मुलगी चांगली होती, असं त्या म्हणाल्या.

सदूभाऊंच्या मोबाईलला पट्टी लागली नाही. ते तपासणीचं उपकरण होतं. व्हर्नियरलाही लागली नव्हती.

धुणीभांडी करायला चामटोलीहून तुळशी येत असे. सदूभाऊंनी तिला मोरीच्या दारात गाठलं.

"तुळशी, तुझा मोबाईल दाखव."

"मना काय इचारता बाबा?" तुळशीने कमरेचा फोन काढून त्यांच्या हातात दिला. "ह्यो बगा. बटनाचा हाय. त्याच्यान पोरीला काय दावू, आकडे?"

सदूभाऊंनी फोन उलटासुलटा केला. "बटणाचा का वापरतेस?"

"तुमी देता त्या पगारात दुसरा येतो क?"

वहीत नोंद झाली: तुळशी, उत्तर देण्याची पद्धत उद्धट, पण पुराव्याला धरून.

सनीची पाळी जेवताना आली. "तू घरी आल्यावर पोर तुझ्याकडे असते. तू मोबाईल बघतोस. ती तुझ्या खांद्यावरून बघत असेल."

"पप्पा, ती माझ्याकडे येतच नाही. तिला तुम्हीच पाहिजे असता."

सदूभाऊंनी मान खाली घातली आणि भात कालवला. हे उत्तर त्यांनी वहीत लिहिलं नाही. ते त्यांना नुसतं आवडलं.

पोरीची लक्षणं मात्र वाढतच होती. तिने चपलेचं खोकं 'अनबॉक्स' केलं. गणपतीच्या फोटोला पाचपैकी चार तारे दिले. दुपारी आजोबा गोष्ट सांगायला लागले आणि सिंह गुहेत शिरायच्या आतच ती म्हणाली, "आबा, स्किप." सदूभाऊ रात्र रात्र विचार करत. आजूबाजूच्या तिन्ही फ्लॅटच्या खिडक्यांचे कोन त्यांनी मोजले. समोरच्या घरातला टीव्ही आपल्या बाल्कनीतून दिसतो का, हे बघायला ते गुडघ्यांवर, म्हणजे इराच्या उंचीवर, बाल्कनीत फिरले. दिसत नव्हता. शेजारच्या मनालीताईंनी मात्र त्यांना बघितलं आणि कौसाबाईंना विचारलं, "भाऊंना बरं आहे ना?"

एकतीस तारीख शनिवारी आली. तेजलने रजा घेतली होती. चौघं हॉलमध्ये बसले. इरा तेजलच्या मांडीवर होती. सदूभाऊ इस्त्री केलेला शर्ट घालून आले. त्यांच्यासाठी ही अहवालाची बैठक होती, आणि तिच्यावर पोरीचे साडेअकरा तास अवलंबून होते.

"बाहेरून शिरकाव नाही," त्यांनी सुरुवात केली. "तुळशी निर्दोष. टीव्हीची मोहोर शाबूत. सनी संशयास्पद, पण वेळ जुळत नाही. राहता राहिली…" त्यांनी कौसाबाईंकडे बघितलं.

"मी?" कौसाबाई उठून उभ्या राहिल्या. "पंधरा दिवस चादर घातलेल्या टीव्हीसमोर बसलेय मी! चादरीवरची फुलं मोजून झाली माझी!"

"बाबा, पुरावा काय?" तेजलने विचारलं.

"सगळं लेखी आहे." सदूभाऊंनी वही तिच्या हातात दिली. अभिमानाने दिली. महिन्यात एकही दिवस कोरा नव्हता.

तेजल पानं उलटत गेली. बँकेत आठ वर्षं काढल्यामुळे तिला रकाने लवकर कळत. एका पानावर ती थांबली.

"'दिनांक सोळा. दुपारी दोन ते तीन चाळीस. लाकडी भोवरा, नऊ प्रकार, व्हिडिओ पाहणी. उपस्थित: इरा.' हे काय आहे?"

"भोवऱ्याची पाहणी."

"मोबाईलवर?"

"मग? दुकानं बंद करून बसलेत ते लोक."

"आणि इरा बघत होती?"

"ती ग्राहक प्रतिनिधी आहे."

तेजलने पुढचं पान उलटलं. "दिनांक सतरा. दीड ते साडेतीन. भातुकली, तांब्याची व पितळेची. उपस्थित: इरा." पुढचं पान. "दिनांक अठरा. रविवार, सुट्टी. दिनांक एकोणीस. दोन ते चार. कोडी. उपस्थित: इरा. ग्राहक प्रतिनिधीने तोच व्हिडिओ पुन्हा मागितला, दाखवला."

सनीने तोंडावर उशी धरली. उशी हलत होती.

"अहो," कौसाबाई हळूच म्हणाल्या, "आणि माझ्या फोनला पट्टी?"

सदूभाऊ ताठ बसले होते. "तेजल, एक समजून घे. नमुना म्हणून फोडलेली पुंगळी उत्पादनात धरत नाहीत. तपासणीसाठी वापरलेली वस्तू ही वापरलेली नसते. नियम आहे."

"कारखान्यात नसतील धरत, बाबा. पोरीचे डोळे धरतात."

सदूभाऊंनी वही परत मागितली, चष्मा चढवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचून काढली. नोंदी बरोबर होत्या. प्रत्येकीखाली त्यांचीच सही होती. असा स्वच्छ पुरावा त्यांना सगळ्या नोकरीत मिळाला नव्हता.

"यातलं एखादं खेळणं तरी पास झालं का?" सनीने उशीआडून विचारलं.

"नाही," सदूभाऊ म्हणाले.

"म्हणजे महिनाभर पोरीला एकही खेळणं मिळालं नाही?"

"वाटी होती," कौसाबाई म्हणाल्या.

तेजल रागावली नाही. रागावली असती तर सदूभाऊंना बरं वाटलं असतं, काही तरी बोलता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "ठरल्याप्रमाणे करू या, बाबा. परवा सोमवार आहे."

"हो," सदूभाऊ म्हणाले. "ठरलेलं ठरलेलं."

रविवारी त्यांनी इराची पिशवी भरली. एक फ्रॉक, टॉवेल, पाण्याची बाटली. बाटली उलटी धरून बघितली, गळत नव्हती. मग ते माळ्यावर चढले आणि ठकी खाली काढली. तिची लाल चिठ्ठी सोडवली, नाकावरून एकदा अंगठा फिरवला आणि ती पिशवीत टॉवेलखाली ठेवली. वहीत याची नोंद नाही.

सोमवारी तेजलने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिघं रिक्षाने कुळगावला गेले. इरा मधे बसली होती आणि वाटेतल्या प्रत्येक म्हशीला "हॅलो दोस्तों" म्हणत होती. सदूभाऊंनी तिचा हात धरला होता. रिक्षा उभी राहिली तरी त्यांनी तो सोडला नाही.

किर्ती मॅडम दारातच भेटल्या. आत अंगणात खरोखरच माती होती आणि मुलं खरोखरच त्यात खेळत होती. सदूभाऊंनी फाटकाची कडी, पायरीची उंची आणि मातीतले खडे बघून घेतले. कशालाही नापास केलं नाही.

"मी मागच्या महिन्यात फोन केला होता," तेजल म्हणाली. "तुम्ही म्हणालात, या, बघू."

"हो, सगळ्यांना तेच सांगते मी," किर्ती मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा कागद ओढून घेतला. "नाव?"

पाळणाघरात पंचवीस मुलांची सोय आहे आणि ते भरलेलं आहे. प्रतीक्षा यादीत इराचा नंबर सदतिसावा लागला.